नवा दणकट पीसी मध्येच बंद पडतो, रिस्टार्ट होतो, अडकतो: पार्ट बदलण्याआधी हे करून बघा

म्हापसा, डिचोली, साखळी, फोंडा ह्या पट्ट्यात मी पीसी बांधून देतो आणि दुसऱ्यांनी बांधलेलेही दुरुस्त करतो. त्यात एक तक्रार सारखी येते, की नवा कोरा पीसी आहे, भारी प्रोसेसर, मोठं ग्राफिक्स कार्ड, ३२ नाहीतर ६४ जीबी रॅम, आणि तरी कधीही बंद पडतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, आर्किटेक्चरची पोरं रेंडर लावून झोपणारी, रात्रभर गेम खेळणारे, सगळ्यांचं तेच. आणि बहुतेक वेळा कुठलाच पार्ट जळालेला नसतो, एखादी सेटिंग, एखादी अर्धवट बसलेली केबल नाहीतर भिंतीतली वीज निघते. पण तोपर्यंत माणसाने घाबरून नवी रॅम घेतलेली असते, कोणीतरी तीनदा विंडोज टाकून दिलेलं असतं, आणि त्रास तसाच. म्हणून मी ज्या क्रमाने बघतो तो क्रम लिहितोय, फुकटातलं आणि सोपं आधी, खर्चाचं आणि अवघड शेवटी.

आधी लक्षण नीट ओळखा

"बंद पडतो" हे पुरेसं नाही, बंद कसा पडतो ते सांगा.

फटकन काळोख, कसलाही मेसेज नाही, पंखेसुद्धा थांबतात आणि दोन-तीन सेकंदांत स्वतःच चालू होतो: हे वीज, पॉवर सप्लाय किंवा फार गरम होणं ह्या बाजूचं. त्यातही पॉवर सप्लायचा मागचा स्विच बंद करून थोडं थांबल्याशिवाय चालूच होत नसेल तर सप्लायचं प्रोटेक्शन ट्रिप होतंय असं धरून चाला.

निळी स्क्रीन येऊन रिस्टार्ट होतो, तर त्यावरचा कोड महत्त्वाचा. विंडोज ११ च्या नव्या अपडेटमध्ये ती स्क्रीन आता काळी असते, त्यामुळे लोकांना वाटतं की नुसताच काळा पडला. "मेमरी मॅनेजमेंट", "पेज फॉल्ट", "आयआरक्यूएल" असे कोड दर वेळी बदलून बदलून येत असतील तर माझा पहिला संशय रॅमवर. "डब्ल्यूएचईए (WHEA) अनकरेक्टेबल एरर" किंवा "क्लॉक वॉचडॉग टाइमआउट" आला तर प्रोसेसर आणि त्याचं व्होल्टेज. "व्हिडिओ टीडीआर फेल्युअर" म्हणजे ग्राफिक्स. "क्रिटिकल प्रोसेस डाइड" मध्ये एसएसडी मध्येच गायब होतेय का ते बघायचं.

स्क्रीन काळी, कार्डाचे पंखे एकदम जोरात, पण मागे गाणं किंवा मित्राचा आवाज चालूच आहे: ग्राफिक्स कार्ड नाहीतर त्याची केबल. फक्त गेम बंद होऊन डेस्कटॉपवर येतो आणि विंडोज ठीक असतं: ड्रायव्हर, रॅम किंवा प्रोसेसर, तिघांपैकी कोणीही. सगळं गोठतं आणि स्पीकरमधून टर्रर्र असा एकच आवाज येत राहतो: रॅम, प्रोसेसर, कधी एसएसडी.

आणि एक प्रकार लोक विचारल्याशिवाय सांगतच नाहीत. तासभर गेम खेळला तरी काही होत नाही, पण नुसतं यूट्यूब लावून बसलो किंवा मशीन रिकामं सोडलं की बंद. हा वेगळा आजार आहे, त्याबद्दल खाली रॅमच्या भागात लिहिलंय.

आता एक वही घ्या. तारीख, वेळ, तेव्हा काय चालू होतं, बंद कसा पडला, बाहेर पाऊस होता का, घरात पंप किंवा एसी चालू झाला होता का. चार-पाच नोंदी झाल्या की अर्धं उत्तर तुम्हाला स्वतःलाच दिसतं. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास बंद पडणारा पीसी आणि फक्त रेंडरच्या शेवटी बंद पडणारा पीसी, ह्या दोन वेगळ्या केस आहेत.

आणि काहीही हात लावण्याआधी बॅकअप. रॅम चुका करत असेल तर ती फाइल कॉपी करतानाही चुका करते, डेटा हळूहळू बिघडतो आणि कळतसुद्धा नाही. कोणाच्या लग्नाचं फुटेज त्या ड्राइव्हवर असेल तर शक्यतो ड्राइव्ह काढून दुसऱ्या मशीनवर लावा, तिथून कॉपी घ्या, मगच पुढे.

विंडोज काय म्हणतंय ते वाचा

हे फुकट आहे. स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" टाइप केलं की रिलायबिलिटी हिस्ट्री उघडते, त्यात दिवसवार लाल फुल्या दिसतात. मग इव्हेंट व्ह्यूअर, त्यात विंडोज लॉग्जमध्ये सिस्टम. तिथे कर्नल-पॉवर ४१ दिसतो आणि लोक तो धरून "पॉवर सप्लाय गेला" असं ठरवून टाकतात. तसं नाही. ४१ चा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं, कारण तो सांगत नाही. त्याच्या डिटेल्समध्ये बगचेक कोड (निळ्या स्क्रीनचा नंबर) बघा, शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे वीज तुटली किंवा मशीन पूर्ण गोठलं आणि तुम्ही बटण दाबून धरलं. शून्य नसेल तर निळी स्क्रीन आली होती आणि तो तिचा कोड आहे.

डब्ल्यूएचईए-लॉगर (WHEA-Logger) नावाच्या नोंदी शोधा, ह्या हार्डवेअरने स्वतः केलेल्या तक्रारी असतात. १८ नंबर म्हणजे मोठी चूक झाली आणि मशीन पडलं, १९ म्हणजे चूक झाली पण सुधारून घेतली. १८ मध्ये एपिक आयडी असा एक आकडा असतो, दर वेळी तोच आकडा येत असेल तर प्रोसेसरचा तोच एक कोर अडखळतोय असं दिसतं. डिस्प्ले ४१०१ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरने उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने तो पुन्हा सुरू केला, त्यासाठी विंडोज मुळात फक्त २ सेकंद वाट बघतं.

त्याच बरोबर सिस्टम प्रॉपर्टीजच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरी उघडून "ऑटोमॅटिकली रिस्टार्ट" ची टिक काढा, म्हणजे निळी स्क्रीन थांबेल आणि फोनवर फोटो काढता येईल.

भिंतीपासून सुरुवात करा

बाहेरचे लोक हे शेवटी बघतात, मी गोव्यात हे पहिल्याच दिवशी बघतो. २३० व्होल्टची लाइन दहा टक्के वर-खाली झाली तरी चांगला सप्लाय ते सहज पचवतो. खरा त्रास क्षणभराच्या झटक्याचा. घरात विहिरीचा पंप चालू होतो, फ्रिजचा कॉम्प्रेसर ओढतो, दिवे क्षणभर मंद होतात आणि पीसी रिस्टार्ट. पॉवर सप्लायच्या आतले कपॅसिटर वीज तुटल्यावर साधारण १५ ते २० मिलिसेकंद मशीन धरून ठेवतात, तेही सप्लाय चांगला असला तर. स्वस्तातला असेल आणि वर ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताणात असेल तर तेवढंही टिकत नाही. म्हणून तोच झटका डेस्कटॉपवर असताना कळतही नाही आणि रेंडरच्या मध्ये मशीन पाडतो. एप्रिल-मेच्या रात्री सगळ्यांचे एसी चालू असतात तेव्हा, नाहीतर चवथीच्या दिवसांत वाड्यावर सगळीकडे रोषणाई असते तेव्हा तक्रारी वाढतात, त्याचं कारण हेच.

पहिली गोष्ट, एक्स्टेन्शन बोर्ड काढा आणि पीसी एका चांगल्या घट्ट सॉकेटमध्ये थेट लावा. एवढा मोठा पीसी ६०० वॅट ओढत असला तरी तो ३ अँपिअरच्या आतच, त्यामुळे ६ अँपिअरचा सॉकेट पुरतो, पण तो सैल नको. प्लग हलवल्यावर चर्र आवाज येत असेल किंवा हाताला गरम लागत असेल तर सॉकेट बदलून घ्या. पंप, फ्रिज, एसी ज्या लाइनवर आहेत ती सोडून दुसरी लाइन मिळाली तर उत्तम.

दुसरी, यूपीएस. बाजारात सरसकट मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅट देतो. तुमचं मशीन गेममध्ये ५०० ओढत असेल तर वीज गेल्या क्षणी यूपीएस पिंग करतो आणि मशीनसकट बसतो. हे तपासायला सोपं आहे, सगळं सेव्ह करा, काही न चालवता यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा, मशीन टिकलं तर मग बेंचमार्क लावून पुन्हा तेच करा. रिकामं असताना टिकतो आणि लोडवर पडतो तर यूपीएस लहान पडतोय. दुसरं असं की महागड्या पॉवर सप्लायमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतली वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असतो आणि स्वस्त यूपीएसची चौकोनी लाट त्यातल्या काहींना मानवत नाही, अशा वेळी प्युअर साइन वेव्ह यूपीएसच लागतो. मोठ्या मशीनला मी १५०० व्हीएच्या खालचा सुचवत नाही. आणि टीव्हीचा रिलेवाला स्टॅबिलायझर पीसीला लावू नका, तो पायरी बदलताना स्वतःच क्षणभर वीज तोडतो.

एक-दोन दिवस यूपीएस वगळून थेट भिंतीवर चालवून बघा, पण आभाळ मोकळं असेल तेव्हाच. मे अखेरच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात हा प्रयोग करायचा नाही, तेव्हा प्लग काढून ठेवायचा आणि नेटची तांब्याची केबल येत असेल तर तीही काढायची.

तिसरी, अर्थिंग. कॅबिनेटला उघड्या पायाने हात लावला की मुंग्या येतात का? येत असतील तर अर्थ नाही किंवा नावापुरता आहे. जुन्या चिऱ्याच्या घरांत वरच्या खोलीत तीन पिनचा सॉकेट नुसता बसवलेला असतो, मागे अर्थची वायरच नसते. आणि जिथे अर्थिंगचा खड्डा आहे तिथेही आपली जांभ्याची जमीन उन्हाळ्यात ठणठणीत सुकते आणि अर्थ कमजोर होतो. मल्टिमीटर वापरायची सवय असेल तरच मोजा: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे यायला हवेत, न्यूट्रल-अर्थ शून्याच्या आसपास. न्यूट्रल-अर्थमध्ये चार-पाच व्होल्टच्या वर दिसलं किंवा अंगाला शॉक लागतोय तर इथेच थांबा आणि लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. हे काम पीसीवाल्याचं नाही आणि तुमचंही नाही, हा जिवाचा प्रश्न आहे.

रॅमची सेटिंग

माझ्या अनुभवात नव्या पीसीचे सगळ्यात जास्त क्रॅश इथे सुटतात, आणि खर्च शून्य. रॅमच्या पाकिटावर ६००० किंवा ६४०० लिहिलेलं असतं, पण तो वेग एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल चालू केल्यावरचा, म्हणजे ओव्हरक्लॉकच, ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं. प्रोफाइल बंद असताना डीडीआर५ बहुतेक ४८०० किंवा ५६०० वर चालते. रॅमची काडी ६४०० झेपवेल, पण प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर आणि बोर्ड झेपवेलच असं नाही.

तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा बोर्डाचा स्वतःचा सेटिंग मेनू) जा, एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करा आणि दोन-तीन दिवस नेहमीसारखं काम करा. क्रॅश थांबले? मग रॅम "खराब" नाही, वेग जास्त होतोय. ६४०० ऐवजी ६००० करून बघा, तेही नाही तर ५६००. कामात हा फरक जाणवणारसुद्धा नाही, बंद पडलेलं रेंडर मात्र जाणवतं.

चार काड्या लावल्या असतील तर त्या वेगाची आशा सोडा. डीडीआर५ मध्ये चार काड्या पूर्ण वेगाने चालणं फार कठीण, ६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोन घ्या, १६ च्या चार नकोत. दोनच असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात, बहुतेक बोर्डांना तेच लागतं, तरी बोर्डाचं पुस्तक उघडून खात्री करा. एएमडीच्या नव्या रायझन प्रोसेसरांच्या एएम५ बोर्डावर रॅम बदलल्यावर पहिल्या वेळी स्क्रीन यायला काही मिनिटं लागतात, ते मेमरी ट्रेनिंग असतं, त्यात घाबरून वीज बंद करू नका.

रिकामं असताना पडणारं मशीन आठवलं ना, तेही इथेच. कोणी कर्व्ह ऑप्टिमायझर किंवा अंडरव्होल्ट करून (म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करून) दिलं असेल तर लोडवर सगळं छान दिसतं आणि प्रोसेसर झोपेत जाताना व्होल्टेज इतकं खाली जातं की तो कोसळतो. सगळं ऑटोवर न्या. रायझनच्या बोर्डांवर "पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल" अशी सेटिंग असेल तर ती "टिपिकल करंट आयडल" करून बघा.

बायोस अपडेट, आणि हे इंटेल १३-१४ वाल्यांनी वाचाच

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचा प्रश्न जगभर गाजला. २०२४ च्या जुलैमध्ये कंपनीने स्वतः सांगितलं की मायक्रोकोडमधल्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमधल्या) चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, आणि त्यामुळे आतून झिजत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये झीरो एक्स १२९ हा मायक्रोकोड आला, सप्टेंबरमध्ये १२बी, मे २०२५ मध्ये १२एफ, आणि हे सगळे बोर्डाच्या बायोस अपडेटमधूनच मिळतात. लक्षण ओळखीचं आहे: अनरिअल इंजिनवरचे गेम सुरू होताना शेडर बनवताना पडतात, आणि "आउट ऑफ व्हिडिओ मेमरी" असा मेसेज येतो. कार्डावर १६ जीबी मेमरी असते, तरी येतो. लोक ग्राफिक्स कार्ड बदलायला धावतात आणि दोष प्रोसेसरचा असतो. मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर येणं हीसुद्धा त्याचीच खूण असू शकते, नाहीतर रॅमची.

अपडेट झिजलेला प्रोसेसर बरा करत नाही, पुढची झीज थांबवतो. अपडेट करून, बायोसमध्ये "इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज" ठेवूनही क्रॅश येत राहिले तर वॉरंटीत बदलून मागा. बॉक्समधल्या ह्या प्रोसेसरांची वॉरंटी कंपनीने दोन वर्षांनी वाढवलीय, खरेदीपासून एकूण पाच वर्षांपर्यंत, त्यामुळे बिल जपून ठेवा.

एएमडीवाल्यांनाही जुना बायोस नको. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळल्याच्या बातम्या आल्या, त्यानंतरच्या बायोसमध्ये एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घातली गेली. दुकानात पडून असलेल्या बोर्डात त्याआधीचा बायोस असू शकतो.

अपडेटची फाइल फक्त बोर्ड कंपनीच्या साइटवरून, मॉडेल आणि रिव्हिजन नीट बघून घ्या, पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, आणि यूपीएस असेल, वीज स्थिर असेल तेव्हाच करा. मध्ये वीज गेली तर बोर्ड मरू शकतो. भर पावसातल्या संध्याकाळी हे काम काढू नका, सकाळी करा. अपडेट झाल्यावर एक्सएमपी बंदच असेल, तसंच राहू द्या.

तापमान

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, सेन्सर्स उघडा, गेम किंवा रेंडर अर्धा तास चालवा आणि मॅक्सिममचा रकाना बघा. नव्या रायझनला ९५ आणि इंटेलला १०० अंशांपर्यंत जायची मुभा मुळातच आहे, त्यामुळे आकडा बघून लगेच घाबरू नका, प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो. पण चालू केल्या केल्या दहा सेकंदांत तो आकडा गाठत असेल तर कूलर नीट बसलेला नाही, किंवा खालचं पारदर्शक प्लास्टिक काढायचं राहिलंय. हे प्लास्टिक मी अगदी महागड्या मशीनमध्येसुद्धा पाहिलंय. वॉटर कूलर असेल तर पंपाचा आरपीएम दिसतोय ना ते बघा.

आणि पीसी कपाटाच्या बंद खणात ठेवू नका. समुद्रापासून जवळच्या घरांत, मांद्रे-हरमलपासून कळंगुटपर्यंत, खिडकीखाली ठेवायचा नाही, खारट दमट हवेने स्क्रू आणि स्लॉटची पट्टी वर्षभरात गंजते. एसीच्या खोलीत गार पडलेलं मशीन असताना पावसाळी हवेला खिडकी उघडली की धातूवर दव धरतं, तेव्हा लगेच चालू करायचं नाही, थोडा वेळ द्यायचा. पावसाळ्यात पीसी आठवडे आठवडे बंद ठेवण्यापेक्षा रोज तासभर चालवलेला बरा, आतला ओलावा जातो.

ड्रायव्हर आणि कार्डावरचा ताण

ग्राफिक्स ड्रायव्हर डीडीयू नावाच्या टूलने सेफ मोडमध्ये पूर्ण काढून नवा टाका, किंवा नव्यानेच त्रास सुरू झाला असेल तर आधीचा टाका. मग आफ्टरबर्नर ह्या ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम खेळा. ही माझी आवडती चाचणी आहे, कारण एक रुपया न घालवता बरंच सांगते. ७० वर तासन् तास चालतो आणि १०० वर पडतो, तर पॉवर सप्लाय, त्याची केबल किंवा कार्ड ह्या तिघांतच काहीतरी आहे. ७० वरही पडतो तर पुन्हा रॅम-प्रोसेसरकडे वळा.

विंडोज पुन्हा टाकायचं असेल तर आत्ता, रॅम निवांत वेगावर आणल्यानंतर टाका. रॅम चुका करत असताना टाकलेलं विंडोज जन्मतःच बिघडलेलं असतं आणि मग खरा दोष दुरुस्त झाला तरी क्रॅश चालूच राहतात, माणूस गोंधळून जातो.

कॅबिनेट उघडा

प्लग काढा, मागचा स्विच बंद, पॉवर बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, मग आत.

बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची आठ पिनची केबल पूर्ण क्लिक झालीय का. ग्राफिक्स कार्डाला दोन-तीन आठ पिन लागत असतील तर प्रत्येकाला सप्लायकडून स्वतंत्र केबल द्या, एकाच केबलची दोन तोंडं लावून काम भागवू नका, मोठ्या कार्डाचा करंट एका केबलीतून जाताना व्होल्टेज पडतं. बारीक १६ पिनचा नवा कनेक्टर असेल तर तो शेवटपर्यंत बसलाय, मध्ये फट दिसत नाही, आणि तोंडापासून निदान ३५ मिलिमीटर केबल सरळ आहे हे बघा. २०२२ मध्ये एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डांचे कनेक्टर वितळले, त्यातल्या बऱ्याच केसमध्ये तो पूर्ण बसलेला नव्हता, म्हणून २०२३ मध्ये त्याच्या पिना सुधारल्या. तपकिरी डाग किंवा वितळलेलं प्लास्टिक दिसलं तर पुन्हा लावून बघू नका. थांबा, फोटो काढा, वॉरंटीकडे जा.

मॉड्युलर (केबल सुट्या निघणाऱ्या) सप्लायच्या केबल दुसऱ्या सप्लायला लावू नका, तोंड बसलं तरी आतल्या वायरांचा क्रम वेगळा असतो आणि ड्राइव्ह जागच्या जागी जळते.

रॅम काढून पुन्हा दाबून बसवा. कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, खोडरबर नको, त्याचा चुरा खाचेत जातो. मुंग्या आहेत का बघा, पावसाळ्यात त्या सप्लायमध्ये आणि सॉकेटमध्ये खरोखरच घर करतात. पीसी पुण्या-मुंबईहून नाहीतर बेळगावहून चोर्ला घाटातून बसच्या पार्सलने आला असेल, आणि दीड-दोन किलोचं कार्ड आतच लावलेलं असेल, तर कार्ड काढून स्लॉट वाकलाय का, कार्डाच्या प्लेटवर तडा आहे का ते टॉर्चने नीट बघा आणि परत बसवताना खालून आधार द्या.

चाचण्या

मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून चालवा, चार फेऱ्या, रात्रभर. एक चूक आली तरी नापास, "एकच तर आहे" असं नाही. चूक आली तर एकेक काडी वेगळी लावून तपासा. पण पास झाला म्हणजे रॅम निर्दोष असंही नाही, कारण तेव्हा ग्राफिक्स कार्ड थंड असतं, आणि गेममध्ये त्याची गरम हवा रॅमवर येते. म्हणून विंडोजमध्ये ओसीसीटी हे ताण देणारं सॉफ्टवेअर लावा, आधी रॅम, मग प्रोसेसर, मग कार्ड, शेवटी त्यातली पॉवर टेस्ट जी सगळ्यांना एकदम ताण देते. सुटं सुटं सगळं पास आणि पॉवर टेस्टला फटकन बंद, तर सप्लाय. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीचं हेल्थ आणि तापमानही बघून घ्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलून क्रॅश थांबला तर कशाने थांबला ते कळत नाही, आणि महिन्याने परत आला की पुन्हा पहिल्यापासून.

पॉवर सप्लाय बदलून बघणं

ह्याला खर्च आहे म्हणून इतक्या खाली. आधी मित्राचा चांगला सप्लाय त्याच्याच केबलींसकट दोन दिवस मागून आणा. वॅटचा हिशोब जुळत असूनही सप्लाय पडू शकतो, कारण मोठी कार्डं क्षणभरासाठी सरासरीच्या कितीतरी पट ओढतात. २०२२ च्या एटीएक्स ३.० ह्या पॉवर सप्लायच्या मानकात म्हणूनच १६ पिनवाल्या सप्लायने १०० मायक्रोसेकंद स्वतःच्या रेटिंगच्या दुप्पट झटका सोसला पाहिजे असं घातलं. जुना ६५० वॅटचा सप्लाय नव्या कार्डाला लावणाऱ्यांचे क्रॅश बहुतेक इथेच असतात. नवा घ्यायचा तर एटीएक्स ३.० किंवा ३.१ चाच घ्या. आणि सप्लाय कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज राहतो, आत मुंग्या दिसल्या तरी नाही, तो बदलायचाच.

इथे थांबा

जळका वास, ठिणगी, अंगाला शॉक, सॉकेटवर काळा डाग: प्लग काढा, इलेक्ट्रिशियन आधी, पीसीवाला नंतर. प्रोसेसरच्या सॉकेटमधली पिन वाकलेली दिसली तर सुईने सरळ करायला जाऊ नका, तुटली तर बोर्डही गेला आणि वॉरंटीही. रॅम, सप्लाय बदलून, बायोस नवा करून, सगळं डिफॉल्टवर ठेवूनही डब्ल्यूएचईए १८ येतच असेल तर बोर्ड किंवा प्रोसेसर, आणि हे घरी वेगळं करता येत नाही, त्यासाठी दुसरा बोर्ड नाहीतर दुसरा प्रोसेसर हाताशी लागतो. तो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे न्या.

जाताना वही, निळ्या स्क्रीनचे फोटो, आणि विंडोजच्या फोल्डरमधल्या मिनिडंपच्या (क्रॅशच्या नोंदीच्या) फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन जा, तंत्रज्ञाचे दोन दिवस वाचतील आणि तुमचे पैसे. वॉरंटीला पाठवायचं असेल तर ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्याच बॉक्समध्ये वेगळं पॅक करा, प्रत्येक पार्टच्या सिरीयल नंबरचा फोटो ठेवा, आणि बोर्ड एकटा पाठवत असाल तर सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण लावूनच पाठवा, ते नसलं आणि पिन वाकली तर बोर्ड परत येतो, म्हणून नवा पीसी घेताना ते झाकण दुकानदाराकडून मागून घ्या.